सात नंबरचा ब्लॉक

पहाटे ५.१०

डिसेंबरातलं तिसगाव. अंगणात बंब पेटलाय. ताई एका हाताने भाकरी उलटतायत, दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण शोधतायत. मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दोन भाकरी. तिसरी सासूबाईंसाठी झाकून ठेवायची. ताईंचं वय चौतिशीचं. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, झालेल्या. नगरला एका खासगी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासतात ती ही लॅब. गावात कुणी विचारलं की त्या म्हणतात, "गाठी तपासायचं काम." नाव छापायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी मला घातली.

पहाटे ५.५५

पाथर्डीहून नगरला जाणारी एसटी तिसगावच्या स्टँडवर थांबते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. ताईंचे त्यामुळे महिन्याला जे पैसे वाचतात, त्यात मुलीची शिकवणी भागते. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, वृद्धेश्वर कारखान्याच्या दिशेने. गाडी देवराई, करंजी करत घाट चढते. ताई डोळे मिटून घेतात. घाटात झोपायचं, मेहेकरीला जागं व्हायचं, ही त्यांची सवय. चांदबिबी महालाचा डोंगर दिसेपर्यंत उजाडलेलं असतं.

सकाळी ७.२०

लॅबचं शटर वर गेलं आणि फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेला. ताईंना तो जाणवत नाही, मला पाणी आलं. त्यांनी आधी खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला, मग एप्रन.

कोपऱ्यात टिश्यू प्रोसेसर. काल संध्याकाळी पाचला सुरू केलेला, सकाळी सातला थांबलेला. रात्रभरात त्याने प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेट फॉर्मालिनमधून अल्कोहोलमध्ये, अल्कोहोलमधून झायलीनमध्ये आणि शेवटी वितळलेल्या मेणात फिरवल्या. मांसातलं पाणी गेलं, त्या जागी मेण भरलं. त्याशिवाय त्याचा पातळ काप निघत नाही.

आज ३२ कॅसेट. त्यातल्या १८ एकाच माणसाच्या.

रजिस्टर उघडलं. पुरुष, ५८, शेतमजूर, तालुका पाथर्डी. मोठ्या आतड्याचा खालचा भाग, सिग्मॉइड आणि वरचं गुदाशय, लांबी २४ सेंटिमीटर. काल लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्याचं ग्रॉसिंग केलं. म्हणजे आतडं उभं उघडून, मोजून, कापून त्यातले नेमके तुकडे निवडले. मॅडम बोलत होत्या, ताई लिहीत होत्या. ताईंचं अक्षर गोल आणि मोठं आहे. कॅसेट १ आणि २: दोन्ही टोकं. ३ ते ६: मोठी गाठ. ८: बरं दिसणारं आतडं. ९ ते १८: चरबीतल्या लसीकागाठी.

सात नंबरपुढे जास्त लिहिलंय. "मोठ्या गाठीला लागून, अस्तराखाली पिवळसर टणक बटण, १.२ सेंमी. दोन्हींच्या मधून काप."

"मॅडम पुढं गेल्या होत्या," ताई म्हणाल्या. "मग थांबल्या. परत मागं आल्या. बोटानं चाचपलं. म्हणाल्या, हे वेगळं लागतंय, मधून एक घेऊ." मोठी गाठ पांढुरकी होती, फुटलेली, कडा उचललेल्या. बटणाचा रंग फॉर्मालिनमध्ये दोन दिवस मुरल्यावर पिवळा उठून दिसला होता. ताज्या आतड्यात कदाचित नजरेत भरलाही नसता.

सकाळी ७.४५

एम्बेडिंग. साठ अंशांचं मेण नळीतून स्टीलच्या साच्यात पडतं. ताई गरम चिमट्याने कॅसेटमधला तुकडा उचलतात आणि साच्यात उभा करतात. हो, उभा. आतड्याच्या भिंतीला थर असतात: आतलं अस्तर, त्याखालचा सैल थर, मग स्नायू, मग बाहेरची चरबी. गाठ कोणत्या थरापर्यंत खोल गेली आहे त्यावर आजाराची पायरी ठरते. तुकडा साच्यात आडवा पडला तर काचेवर एकच थर येईल आणि खोली मोजताच येणार नाही.

मेण गार व्हायला लागलं की तुकडा कलंडतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तो धरून ठेवायचा. सात नंबरला ताईंनी चिमटा जास्त वेळ धरला. तुकड्याच्या एका बाजूला पांढरं, एका बाजूला पिवळं, मध्ये रेष. दोन्ही बाजू एकाच पातळीत तळाला टेकायला हव्यात, नाहीतर कापात एकच येईल. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला कातडी जाड झाली आहे, मेणाच्या चटक्यांनी.

सकाळी ८.४०

तुकड्यासह गोठलेली मेणाची वडी म्हणजे ब्लॉक. सगळे ब्लॉक गार प्लेटवर. ताई हिमॅटॉक्सिलीन गाळतायत. रोज सकाळी गाळायचं, नाहीतर काचेवर रंगाचे कण बसतात. फिल्टर पेपरच्या घडीतून जांभळा थेंब-थेंब. हा रंग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो. जगभरातल्या गाठी दीडशे वर्षं याच रंगात वाचल्या जातायत. चहा आला. दहा रुपये. पैसे ताईंनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

सकाळी ९.१०

मायक्रोटोम. ताईंचा खरा दिवस इथे सुरू होतो.

लोखंडी मशीन, उजवीकडे चाक. चाक एकदा फिरलं की ब्लॉक खाली येतो, पात्यावरून जातो, एक काप निघतो. काप चार मायक्रॉनचा. एक मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक.

पातं वापरून टाकायचं असतं. पन्नासचं पाकीट येतं आणि ते महाग असतं. म्हणून ताई पात्याचे तीन भाग करतात. डावीकडचा भाग ब्लॉकवरचं जादा मेण खरवडायला, मधला कापायला, उजवा राखीव. एका पात्यात पंधरा-वीस ब्लॉक निघतात. एखादी टाचणी आली तर एकातच संपतं. टाचणी म्हणजे स्टेपल. हल्ली सर्जन आतडं शिवायला स्टेपलर वापरतात, बारीक धातूच्या पिना दोन्ही टोकांना राहतात. ग्रॉसिंगच्या वेळी त्या काढतात, तरी एखादी चरबीत लपते. एक नंबरच्या ब्लॉकला तेच झालं. कर्र आवाज आला. ताईंनी चाक सोडलं, पातं बाहेर घेऊन उजेडात धरलं. धारेला दात पडला होता. पिन सुईने उकरून काढली, पातं राखीव उजव्या भागावर सरकवलं, पुढचा ब्लॉक लावला. बोलल्या नाहीत.

कापण्याआधी ब्लॉकवर बर्फाचा खडा ठेवायचा. मेण कडक होतं, काप चुरगळत नाही. फार गार झालं तर तडा जातो. मग ताई ब्लॉकवर तोंडाने हलकेच वाफ सोडतात आणि चाक फिरवतात. एकाला एक चिकटून कापांची रिबन निघते. ब्रशने तिचं टोक उचलायचं आणि कोमट पाण्याच्या टबात अलगद सोडायचं. पाण्यावर सुरकुत्या जातात. मग काच खालून तिरकी घालून काप वर उचलायचा. काचेवर नंबर डायमंड पेन्सिलने आधीच कोरलेला. नंबर आधी, काप नंतर. हा क्रम ताई कधीही बदलत नाहीत. एका माणसाचा काप दुसऱ्याच्या काचेवर गेला तर काय होईल, ते त्यांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

सात नंबरला त्यांनी सहा रिबन टाकल्या. पहिल्या दोनमध्ये पिवळी बाजू अर्धीच आली. ब्लॉक अर्धा अंश फिरवला. तिसऱ्यात दोन्ही बाजू पूर्ण. ती काचेवर घेतली. "आता बघा," म्हणाल्या. पाण्यावर नखाएवढा काप तरंगत होता, जवळजवळ पारदर्शक. मला त्यात काही दिसलं नाही.

बत्तीस ब्लॉक. चाक नेमकं किती वेळा फिरलं कुणास ठाऊक. दुपारी ताई उजवा खांदा डाव्या हाताने दाबतात.

सकाळी ११.३०

रंगवणं. काचा रॅकमध्ये उभ्या. झायलीन, मेण निघालं. अल्कोहोल. पाणी. हिमॅटॉक्सिलीनमध्ये पाच मिनिटं. आम्लात एकच बुडी, जादा रंग सोडवायला. मग नळाखाली दहा मिनिटं. नळाचं पाणी मुळा धरणाचं. त्यातल्या क्षारांनी लालसर जांभळा निळा होतो. पुढे इओसिन, गुलाबी. परत अल्कोहोल, परत झायलीन. शेवटी डीपीएक्सचा एक थेंब आणि वर पातळ काच. बुडबुडा राहिला तर सुईने कडेला ढकलायचा.

दुपारी १२.४०

मॅडमनी काचा घेतल्या. त्यांच्या मायक्रोस्कोपला दुसरी नळी आहे, शिकणाऱ्यासाठी. त्यांनी मला बसवलं.

चार नंबर. वेड्यावाकड्या ग्रंथी, एकमेकींत घुसलेल्या, मध्ये मेलेल्या पेशींचा चुरा. "ॲडिनोकार्सिनोमा," मॅडम म्हणाल्या. "आतड्याचा नेहमीचा कॅन्सर." स्नायू पार करून चरबीत उतरलेला.

सात नंबर. डावीकडे तेच. मॅडमनी काच हळू सरकवली. ग्रंथी संपल्या. साध्या तंतूंचा एक अरुंद पट्टा आला. आणि पलीकडे सगळं चित्रच बदललं. गोल, एकसारख्या पेशी. घोळक्यांनी आणि माळांनी मांडलेल्या. केंद्रकात बारीक रवाळ ठिपके. पेशींचं विभाजन शोधूनही सापडेना.

मॅडम मागे टेकल्या. मग परत पुढे झुकल्या, लेन्स बदलली. पट्टा वरपासून खालपर्यंत पाहिला. "कुठंच मिसळत नाहीयेत," म्हणाल्या. ताईंना हाक मारली. "ताई, या, बघा. तुमचा सात नंबर."

दुसरी गाठ न्यूरोएंडोक्राइन. आतड्याच्या अस्तरात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यापासून होणारी. जर्मन पॅथॉलॉजिस्ट ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये अशा गाठींना कार्सिनॉइड म्हटलं, कारण दिसायला कॅन्सर पण वागायला बरीच सौम्य. एकटी ती आतड्यात भेटते. नेहमीचा कॅन्सर तर वरचेवर भेटतो. दोन वेगळ्या जातीच्या, एकमेकींना खेटून वाढलेल्या आणि तरी न मिसळलेल्या गाठी फार क्वचित. त्याला कोलिजन ट्यूमर म्हणतात.

मिसळल्या असत्या तर निदानच वेगळं झालं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात मिश्र गाठीला वेगळं नाव आहे आणि त्यासाठी दोन्ही जाती किमान ३० टक्के हव्यात. इथे सीमारेषा आहे, म्हणून मिश्र नाही. दोन स्वतंत्र आजार म्हणायलाही जुनी अट आहे, वॉरेन आणि गेट्स यांची, १९३२ ची: दोन्ही गाठी कॅन्सरच्या असाव्यात, वेगळ्या असाव्यात आणि एक ही दुसरीची पसरलेली शाखा नसावी. मॅडम हे सगळं बोटांवर मोजत बोलल्या. आवाजात आनंद नव्हता, कुतूहल होतं. मग म्हणाल्या, "आता प्रश्न चौदा नंबरचा."

चौदा नंबर म्हणजे एक लसीकागाठ. तिच्या कडेला पेशींचा लहानसा पुंजका आहे. ग्रंथी धड नाहीत, माळाही धड नाहीत. कोणत्या गाठीतून सुटून तो इथे आलाय? नेहमीच्या कॅन्सरचा असेल तर तिसरी पायरी, केमोथेरपी. न्यूरोएंडोक्राइनचा असेल तर औषधाचा विचार निराळा. अर्ध्या मिलिमीटरच्या पुंजक्यावर एका माणसाचं पुढचं अर्धं वर्ष अवलंबून.

"लसीकागाठी किती मोजल्या काल?"

"अकरा, मॅडम."

"बाराच्या खाली सोडायचं नाही. जेवून बादली काढा."

दुपारी १.४०

डबा. मॅडमच्या खोलीत मायक्रोस्कोपच्या बाजूला मेज आहे, पण ताई बाहेर बाकावर जेवतात, खिडकीपाशी. भाकरी गार झाली आहे. पगार १९ हजार. अकरा वर्षं झाली. पहिला पगार साडेचार हजार होता. "सरकारी जागा निघतात, पण माझा नंबर लागला नाही," म्हणाल्या. हात साबणाने दोनदा धुतले होते, तरी भाकरीला झायलीनचा वास येतो म्हणून त्या चटणी जास्त घेतात.

दुपारी २.१०

बादलीतून उरलेलं आतडं बाहेर आलं. चरबी कापून वेगळी केली, पाट्यावर पसरली. आता डोळ्यांचं काम नाही. मॅडम आणि ताई समोरासमोर बसल्या, दोन हातमोजे चढवून, आणि चरबी बोटांत चुरत राहिल्या. लसीकागाठ चरबीपेक्षा किंचित घट्ट लागते. काही हरभऱ्याएवढ्या, काही तुरीच्या डाळीएवढ्या. चरबी सुटते, गाठ बोटाखाली घसरते. घसरली की पकडायची.

पंधरा मिनिटं काहीच नाही. मग ताईंनी एक काढली. मग मॅडमनी एक. रक्तवाहिनीच्या मुळाशी दोन. एकूण पंधरा झाल्या. चार नव्या कॅसेट, पेन्सिलने नंबर १९ ते २२. पेन चालत नाही, अल्कोहोलमध्ये शाई जाते.

सर्जनने काढायचं ते काढलं, आता उरलं ते मोजणं. कमी गाठी मोजल्या तर आजार खरा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. माणूस बरा समजून घरी जातो. या चार गाठींचं वेगळं बिल होत नाही.

दुपारी ३.२०

काउंटरच्या खिडकीत एक तरुण. मळकी बंडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी.

"ताई, तात्यांचा रिपोर्ट कव्हा येईल?"

"अजून चार-पाच दिवस. आणखी एक तपासणी लागतीय."

"काय निघालं?"

"ते मॅडम तुमच्या डॉक्टरांना कळवतील. मला सांगता येत नाही, दादा."

तो गप्प. मग आपणहून बोलला. वर्षभर रक्त जात होतं. मूळव्याध म्हणून झाडपाल्याचं चालू होतं, मग मेडिकलमधून गोळ्या. कारखान्यावर गेल्यावर वजन उतरलं, पोट फुगलं. "ऊसतोडीची टोळी सोडून आलो. मंडळी एकटीच हाय तिकडं, कोप्यावर. कोयता मोडला आमचा. मुकादमाची उचल फिटायची राह्यली." कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, असं त्याने सांगितलं. "ही नवी तपासणी बसंल का त्यात?"

"दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात ना, त्यांना आजच विचारा. हा कागद दाखवा." ताईंनी मागणीपत्राची झेरॉक्स दिली. झेरॉक्सचे दोन रुपये घेतले नाहीत. मग विचारलं, "गाव कुठलं?" त्याने सांगितलं. तिसगावपासून सहा-सात किलोमीटर. ताईंनी मान हलवली. त्या त्याच रस्त्याने रोज येतात, हे त्या बोलल्या नाहीत.

दुपारी ३.५०

परत मायक्रोटोम. आता सात आणि चौदा, दोनच ब्लॉक, पण काचा वेगळ्या. यांना खास लेप असतो, काप उकळत्या द्रावणातही सुटू नये म्हणून. एका काचेची किंमत साध्या काचेच्या कितीतरी पट. ताई चुकून एकही वाया घालवत नाहीत.

या काचा पुण्याला जाणार, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी. प्रत्येक जातीच्या पेशीत काही ठरावीक प्रथिनं असतात. त्यांना जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं टाकायची. प्रथिन असेल तर तपकिरी रंग उठतो. सात नंबरवर पाच मार्कर: सिनॅप्टोफिझिन आणि क्रोमोग्रॅनिन न्यूरोएंडोक्राइनसाठी, सीडीएक्स-२ आणि सीके-२० आतड्याच्या कॅन्सरसाठी, आणि केआय-६७, पेशी किती वेगाने वाढतायत ते पाहायला. चौदा नंबरवर दोनच. एका मार्करचे दीड हजार. सातांचे साडेदहा हजार. मॅडमनी आधी यादीत नऊ लिहिले होते. पेन हातात धरून थोडा वेळ बसल्या, दोन खोडले. "हे दोन नसले तरी उत्तर मिळतं," म्हणाल्या.

चौदा नंबरच्या ब्लॉकमधला पुंजका लहान. फार कापलं तर तोच संपून जाईल. म्हणून ताईंनी एकही काप फेकला नाही. पहिली रिबन काचेवर, दुसरी काचेवर, दोन काचा जादा राखून ठेवल्या. इतक्या सावकाश त्यांनी दिवसभरात चाक फिरवलं नव्हतं.

कुरिअरचा मुलगा साडेचारला आला. काचा लाकडी डबीत, डबी कापसात, कापूस पुठ्ठ्यात. पावती रजिस्टरला टाचली.

मूळ ब्लॉक मात्र इथेच राहतो. घरच्यांना दुसरं मत हवं असलं तर तो सही करून नेतात. बहुतेक वेळा परळला, टाटाला. ते रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. मराठी मुलखातल्या किती मेणाच्या वड्या शर्टाच्या खिशातून, साडीच्या पदरातून त्या दारापर्यंत गेल्या असतील. ताई ब्लॉक देताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावतात: उन्हात ठेवू नका, गाडीच्या काचेपाशी तर अजिबात नको. मेण आहे, वितळतं.

संध्याकाळी ५.००

प्रोसेसर. एक नंबरचं अल्कोहोल मळलं होतं, ते बदललं. आजच्या नव्या कॅसेट भरल्या: एक पित्ताशय, एक गर्भाशय, स्तनातल्या दोन गाठी, आणि १९ ते २२. ताईंनी कॅसेट मोजल्या, रजिस्टरशी ताडल्या, परत मोजल्या. झाकण लावलं. मेणाचं तापमान पाहिलं. जनरेटरचं डिझेल पाहिलं, कारण रात्री वीज गेली आणि मेण गोठलं तर तुकडे अडकून बसतात. बटण दाबलं.

संध्याकाळी ५.४५

नगरचं माळीवाडा स्टँड. गाडीला गर्दी, भिंगारपर्यंत उभं राहून. मी विचारलं, सात नंबरचं कळल्यावर काय वाटलं. ताई थोडं थांबल्या. "अकरा वर्षांत असं पहिल्यांदा बघितलं. काप सरळ आला म्हणून बरं वाटलं." मग म्हणाल्या, "पण त्या पोराच्या वडिलांना वर्षापूर्वी कुणी नगरला धाडलं असतं तर एक गाठ तरी बारकी असती."

संध्याकाळी ७.२५

घरी. चपला काढतायत तोवर शेजारच्या वहिनी आल्या. ताई दवाखान्यात कामाला आहेत, एवढं गल्लीला पुरतं. वहिनींच्या मालकांना तीन महिने शौचाला रक्त पडतंय. लाजेने बोलत नाहीत. मूळव्याधच असणार, असं सगळे म्हणतायत. माहितीतल्या एका वैदूचं औषध चालू करावं का?

ताईंनी पदर खोचला आणि आधी विचारलं, "वय किती त्यांचं? वजन उतरलंय का? शौचाला कधी घट्ट, कधी पातळ, असं होतंय का?" उत्तरं ऐकली. मग मुलीच्या वहीचं पान फाडून त्यावर नगरच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडीची वेळ लिहिली, केसपेपर, आधार कार्ड आणि रेशन कार्ड न्यायला सांगितलं.

"बोटानं तपासतील, गरज वाटली तर दुर्बीण टाकतील. त्याच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतात, ते सगळं प्यायला लावा, अर्धं ओतून देतील ते. आणि मूळव्याधच निघाली तर चांगलंच आहे की, वहिनी. पण बघून निघू द्या."

वहिनींनी कागदाची घडी केली. म्हणाल्या, सोमवारी नेते.

"सोमवारी नको," ताई म्हणाल्या. "उद्याच न्या."